परिचारिकेचा मुशाहिरा

‘श्रमाचे मोल’ हा विषय संपादकांनी यंदाच्या अंकासाठी मुक्रर केला तेव्हा, ज्या श्रमाची थोरवी आपण सारे एकमुखाने गातो आणि ज्याचा मोबदला मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो, त्या परिचारिकेच्या व्यवसायाकडे माझे मन वळले. रुग्णालयातून बरा होऊन घरी परतलेला माणूस डॉक्टरांची फी पैशापर्यंत सांगू शकतो, औषधांच्या बिलाची कैफियत भेटेल त्याला ऐकवितो. परंतु रात्री तीन वाजता ज्या सिस्टरने त्याची सलाईन बदलली, तिला त्या रात्रीचे काय मिळाले हे त्याने कधी विचारलेले नसते. ते विचारावे, या हेतूने मी मिरजेला गेले.

मिरज निवडण्यास कारण होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उभारले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि या दोन मोठ्या संस्थांच्या आश्रयाने खाजगी रुग्णालयांची इतकी दाटी झाली, की आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रोगी उपचारांसाठी येथेच उतरतात. एका गावात सरकारी, मिशनची, कंत्राटी आणि खाजगी अशा सर्व प्रकारची नोकरी करणाऱ्या परिचारिका भेटाव्यात, अशी जागा महाराष्ट्रात सहसा सापडत नाही.

दुपारी दोनची पाळी

स्त्रियांच्या शस्त्रक्रिया-कक्षात दुपारी दोनच्या सुमारास सकाळची पाळी उतरते आणि दुपारची चढते. उतरणारी सिस्टर चढणाऱ्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते, म्हणजे प्रत्येक खाटेपाशी उभी राहून त्या रोग्याची सहा तासांची हकीकत सांगते: नळीतून किती स्राव आला, लघवी किती झाली, कोणते इंजेक्शन चार वाजता द्यावयाचे आहे, कोणाचा नातेवाईक रक्त आणण्यासाठी गेला आहे, आणि कोणाच्या उशाखाली डब्यातली भाकरी लपविलेली आहे, जी तिला आज मुळीच खाऊ द्यावयाची नाही. हे सारे वहीत लिहिलेले असतेच; पण वहीवर विसंबून पाळी घेणारी सिस्टर मला तेथे दिसली नाही. शिक्षण-रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. मी उभी होते त्या हॉलभर खाटांना दोन सिस्टर होत्या, आणि त्यांच्या हाताखाली शिकाऊ मुली.

त्यांतल्या एका मुलीला कक्षाच्या प्रमुख परिसेविकाबाईंनी सलाईनपाशी थांबविले. पाचशे मिलिलीटरची बाटली आठ तासांत संपवावयाची आहे. या नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलीटर. तर मिनिटाला किती थेंब? मुलीने ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि एकवीस सांगितले. बाईंनी मनगटावरचे घड्याळ थेंबाच्या कुपीशेजारी धरले, चाकाची कळ अंगठ्याने किंचित आवळली, पुन्हा सैल केली, पूर्ण मिनिट मोजले आणि मगच पुढच्या खाटेकडे वळल्या. म्हाताऱ्या हृदयाला हेच पाणी दोन तासांत गेले, तर फुप्फुसांत उतरून रोगी दगावू शकतो. अंगठ्याच्या त्या हालचालीत तीन-चार वर्षांचे शिक्षण आणि पुढचा सारा अनुभव साठविलेला असतो, आणि रुग्णालय कोणाच्या मालकीचे आहे यावर ती हालचाल तिळमात्र बदलत नाही. बदलतो तो तिचा दाम.

एक काम, निरनिराळे हुकूम

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत रीतसर निवड होऊन आलेल्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपयांची आहे. या मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक होणारा महागाई भत्ता, घरभाडे आणि इतर भत्ते जमेस धरले, म्हणजे नव्याने रुजू झालेल्या मुलीचा दरमहा पन्नास हजारांची मजल ओलांडतो, दरसाल त्यात वेतनवाढ पडते, प्रसूतीची रजा पगारी मिळते आणि बँक कर्जाला नकार देत नाही. मिरजेतल्या ज्या सिस्टरने मला हे समजावून सांगितले, तिने या नोकरीच्या जोरावर धाकट्या भावाचे अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले होते आणि सांगलीत दोन खोल्यांचे स्वतःचे घर घेतले होते. “माझ्या आईला लोक आता माझ्या नावानं ओळखतात,” असे तिने मला अतिशय शांतपणे सांगितले.

परंतु याच कामाचा केंद्र सरकारचा दर वेगळा आहे. नागपुरात १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच नागपुरात, मिहानच्या परिसरात, अलीकडे उभे राहिलेले एम्सही आहे. पहिल्यातील अधिपरिचारिका राज्याच्या ३५,४०० रुपयांवर सुरुवात करते. दुसऱ्यातील नर्सिंग ऑफिसर केंद्राच्या ४४,९०० रुपयांवर. मूळ वेतनातील हा साडेनऊ हजारांचा फरक महागाई भत्त्यासह चौदा हजारांच्या वर जातो, आणि केंद्राचा नर्सिंग भत्ता, जो सातव्या वेतन आयोगानंतर दरमहा ७,२०० रुपये ठरला, तो त्याहून निराळा. दोघी एकाच शहरात राहतात, त्यांची मुले एकाच शाळेत जाऊ शकतात, आणि एकीच्या रुग्णालयातून दुसरीच्या रुग्णालयात रोगी पाठविलाही जातो.

राज्याच्या आतही हुकूम एक नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटावर नेमलेल्या परिचारिकेच्या जाहिरातीत दरमहा २० हजार रुपये एकत्रित मानधन लिहिलेले मी पाहिले. त्यात भत्ता नाही आणि श्रेणीही नाही. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात, जेथे दीड किलोच्या जिवाच्या पायातली शीर शोधावी लागते, तेथे फार मोठा भार याच मुलींवर आहे. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही खुले झाले, तेव्हा २५ हजार मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला या तजविजीमुळे अनेकींनी तिकडे धाव घेतली. तासगावच्या बाजूला काम करणारी अशी एक अधिकारी मला म्हणाली, “पंचवीस आले की घर चालतं. पंधरातले किती येणार, ते महिना संपल्यावर पोर्टल सांगतं.”

दहा वर्षे सेवा झालेल्या अभियानातील कर्मचाऱ्यांना रिक्त पदांच्या काही भागावर सामावून घ्यावयाचा निर्णय शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा काम बंद करावे लागले. कायम सेवेतल्या परिचारिकांनीही मे २०२२ मध्ये बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संप केला होता, आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर त्या पुन्हा बसल्या तेव्हा वेतनातील तफावतीसह तीच मागणी त्यांच्या फलकांवर होती. आपल्याला पगार कमी मिळतो एवढ्याच कारणासाठी त्या बसल्या, असे समजणे अन्यायाचे होईल. कायम पद एकदा कंत्राटदाराच्या हाती गेले, की त्या पदावरची उद्याची मुलगी, काम तेच करीत असूनही, त्यांच्या पंक्तीला कधीच बसणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

चार मुलींची खोली

खाजगी रुग्णालयांतल्या मुली कामाच्या जागी बोलत नाहीत. म्हणून स्थानकाच्या बाजूच्या एका चाळीवजा इमारतीत, चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीत, रात्रपाळीहून आलेल्या मुली झोपेतून उठण्याच्या वेळी, म्हणजे दुपारी चारला, मी त्यांना भेटले. दोरीवर पांढरे गणवेश वाळत होते, गॅसवर पोहे होते आणि एका कोपऱ्यात स्पर्धापरीक्षांची पुस्तके रचून ठेवलेली होती.

मी पगार विचारला. जत तालुक्यातून आलेली, जी.एन.एम. ही परिचर्येची पदविका घेऊन दीड वर्ष अतिदक्षता विभागात काम करणारी मुलगी हसून म्हणाली, “ताई, पगार किती ते विचारू नका, हातात किती पडतात ते विचारा.” नेमणुकीच्या पत्रावर १६ हजार. त्यातून तिचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, आणि मालकाने स्वतःच्या पदरचा भरावयाचा हिस्साही त्याच १६ हजारांत धरलेला असल्यामुळे हातात साडेबारा हजारांच्या आतबाहेर पडतात. पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही तर हिने थांबावयाचे. या डबल ड्युटीचे पैसे मिळत नाहीत, तिच्याबद्दल एक ऑफ मिळतो, आणि तो ऑफ कधी घ्यावयाचा हे मेट्रन ठरविते. खोलीचे भाडे, खानावळ, घरी पाठवावयाचे तीन हजार, एवढे गेल्यावर शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यासाठी वडिलांकडेच हात पसरावा लागतो, आणि ही गोष्ट सांगताना मात्र ती हसली नाही.

दुसरीची अडचण वेगळी होती. तिने दोन वर्षे नोकरी सोडणार नाही असा करार लिहून दिला होता आणि तिची मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या दफ्तरात ठेवून घेतलेली होती. दुसरीकडे मुलाखतीला बोलावणे आले तरी दाखविण्यास कागद नाहीत. मुलीची विद्या तिच्या हातात आहे आणि तिचा पुरावा दुसऱ्याच्या कपाटात, ही व्यवस्था कोणत्याही न्यायबुद्धीला पटण्याजोगी नाही. तरी ती राजरोस चालते.

खाजगी रुग्णालयांची बाजूही मी ऐकली. तीस खाटांच्या एका रुग्णालयाच्या डॉक्टर-मालकांनी मला आपले हिशेब मोकळेपणाने दाखविले: विमा कंपन्या व सरकारी योजना यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, यंत्रांचे हप्ते मात्र तारखेला द्यावे लागतात, आणि शेजारचा दवाखाना सहा महिन्यांचा कसलासा वर्ग केलेल्या मुलीला आठ हजारांत उभी करीत असताना मी नोंदणीकृत परिचारिकेला वीस हजार कोठून द्यावेत, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खोटा नाही. परंतु यंत्राचा हप्ता चुकविता येत नाही आणि सिस्टरचा पगार दाबता येतो, म्हणून तोच दाबला जातो, हे त्यांनाही नाकारता आले नाही. आणि आठ हजारांची ती मुलगी मिनिटाचे थेंब मोजू शकते काय, हा प्रश्न तर रोग्याच्या जिवाचा आहे.

या स्थितीची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली, आणि समितीने साधे सूत्र घालून दिले: दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य सरकारी परिचारिकेइतकेच वेतन द्यावे, शंभर ते दोनशे खाटा असतील तर ते फार तर दहा टक्क्यांनी, आणि पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्क्यांनी कमी असावे, पन्नासच्या आत खाटा असल्या तरी दरमहा २० हजारांच्या खाली जाऊ नये. परंतु शिफारस ही शिफारसच असते. राज्याने तिला कायद्याचे बळ दिले तरच ती पगारपत्रकात उतरते. केरळात परिचारिकांची संघटना रस्त्यावर उतरली, दीर्घकाळ हटली नाही, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या सरकारला खाजगी रुग्णालयांसाठी २० हजारांपासून सुरू होणारे किमान वेतन जाहीर करावे लागले. मिरजेच्या त्या खोलीत या शिफारशीचे नाव कोणीही ऐकलेले नव्हते. मी आकडे सांगितले तेव्हा जतच्या मुलीने आपल्या रुग्णालयाच्या खाटा बोटांवर मोजल्या, त्या एकशे वीस भरल्या, आणि मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

सेवेचा वारसा

हा व्यवसाय आपल्याकडे ज्या वाटेने आला, त्या वाटेचा त्याच्या मोबदल्यावर ठसा आहे, असे माझे मत आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि त्या संस्थेने तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले. परपुरुषाचे अंग पुसणे, कोणत्याही जातीच्या माणसाची जखम धुणे, रात्री घराबाहेर राहणे, यांपैकी एकही गोष्ट ज्या काळी पांढरपेशा घरातील स्त्रीला संमत नव्हती, त्या काळी हे पाऊल केवढ्या धैर्याचे होते, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. मिशनच्या रुग्णालयांत धर्मभावनेने आलेल्या स्त्रिया होत्या. सेवासदनात निराधार स्त्रीला प्रतिष्ठेचा आसरा मिळत होता. दोन्हीकडे राहण्या-जेवण्याची सोय संस्थेची, आणि वर हातखर्चाला काही रक्कम.

त्या स्त्रियांना जे मिळाले ते त्यांच्या दृष्टीने मुक्तीसारखे होते, यात संशय नाही. पण आसरा घेणारीने मोबदला मागावयाचा नसतो, ही समजूत संस्थांच्या हाडीमाशी खिळली आणि आसऱ्याची गरज सरून गेल्यावरही तशीच राहिली. आजची मुलगी प्रवेशपरीक्षा देऊन, कर्ज काढून, चार वर्षांची पदवी घेऊन येते. तिच्यापुढे मात्र १९०९ मधल्या विधवेचा कृतज्ञ नम्रपणा ठेवला जातो. आता या व्यवसायात मुलगेही येऊ लागले आहेत, कक्षात त्यांना ब्रदर म्हणतात, आणि एका ब्रदरने मला सांगितले, की लग्नाच्या बाजारात त्याला पहिला प्रश्न पगाराचा येतो आणि त्याच्या बहिणीला, जी सिस्टरच आहे, रात्रपाळीचा.

परभाषेची शिदोरी

पुण्यात, जर्मन भाषेच्या एका वर्गात, मागच्या बाकांवर चार-पाच परिचारिका बसत. त्यांच्यापैकी एकीची वही मी मागून पाहिली. डाव्या अंगाला जर्मन शब्द, देवनागरीत त्याचा उच्चार आणि पुढे मराठी अर्थ. शरीराच्या अवयवांपासून आरंभ करून ती ‘कुठे दुखते’, ‘कधीपासून दुखते’, ‘कृपया कुशीवर वळा’ येथवर आली होती. अतिदक्षता विभागातली नोकरी सोडून तिने हा वर्ग धरला होता, आणि मधल्या काळात पोटासाठी एका नर्सिंग ब्युरोकडून कोथरूडमधील एका पक्षाघाताच्या आजोबांची बारा तासांची रात्रपाळी करीत होती. ते कुटुंब ब्युरोला जी रक्कम देते, तिचा चौथा हिस्सा तिच्या म्हणण्याप्रमाणे ब्युरोतच राहतो. तरीही महिनाअखेर हातात येणारे पैसे अतिदक्षता विभागातील पगाराहून अधिक असतात, ही गोष्ट ऐकून मी अस्वस्थ झाले. यंत्रांवर जीव तोलून धरण्याचे तिचे कसब त्या घरी पडून आहे, आणि तरी ते घर रुग्णालयाहून जास्त पैसे मोजते आहे.

जर्मनीत कर कापण्यापूर्वी दरमहा सुमारे तीन हजार युरो, हा तिचा आशेचा आकडा. परंतु तेथे पोहोचताच तो मिळत नाही. आधी भाषेची बी-१ पायरी आणि मान्यतेसाठी बहुधा बी-२. मग आपली पदवी तेथील अभ्यासक्रमाशी ताडून पाहिली जाते, उणीव भरून काढण्यासाठी प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर मदतनिसाच्या कमी पगारावर काम करावयाचे असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून ही वाट अनेकींना दिसू लागली. केरळने मात्र परदेशी नोकरीसाठी सरकारी संस्था १९७७ सालीच काढली होती, आणि तेथील मुलगी दलालाच्या दारी न जाता सरकारच्या दारी जाऊ शकते, हा अर्धशतकाचा फरक एका कराराने भरून निघणार नाही.

इंग्लंडची वाट याहून जुनी. इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची व्यवसायपरीक्षा, आणि तेथे गेल्यावर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा, ज्यात औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव विचारले की नाही यालाही गुण असतात. उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेला तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत २०२५-२६ च्या दराने वार्षिक ३१,०४९ पौंडांपासून सुरुवात मिळते. करोनानंतरच्या वर्षांत तिकडे गेलेला लोंढा आता ओसरला आहे, कारण तेथील रुग्णालयांनी परदेशी भरतीला हात आखडता घेतला आहे. म्हणून केवळ एकाच देशावर भिस्त ठेवणाऱ्या मुलींची सध्या कुचंबणा होते. आखाती देशांच्या बाबतीत, परवानाधारक भरती-संस्थेने ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेऊ नये असा नियम आहे. लाखांची मागणी करणारा मनुष्य दारात आला, तर त्याला हा आकडा ऐकवावा.

पुढच्या पायऱ्या

सरकारी सेवेतही चढण सोपी नाही. अधिपरिचारिकेची परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका, असा क्रम. परंतु वरची पदे थोडी आणि वाट पाहणाऱ्या पुष्कळ, त्यामुळे दहा, वीस व तीस वर्षांनी वरचे वेतन देणारी आश्वासित प्रगती योजना हाच बहुतेकींचा आधार. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर आलेल्या त्यासाठी मार्च २०२३ च्या संपात उतरल्या होत्या. एम.एस्सी. करून पाठ्यनिर्देशिका होणे ही आणखी एक दिशा, पण रुग्णाच्या खाटेपासून दूर गेल्याशिवाय पगार वाढत नाही, ही रचना उत्तम परिचारिकांना खाटेपासूनच तोडते, आणि मला ती सर्वांत घातक वाटते.

मिरजेच्या त्या परिसेविकाबाई निवृत्तीला आल्या आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलींना त्या ओव्हर संपल्यावर ड्युटी-रूममध्ये थांबवून घेतात आणि नोकरीच्या गोष्टी सांगतात. त्या दिवशी विषय एम्सच्या परीक्षेचा होता. वयाची कमाल अट तीस वर्षे, राखीव प्रवर्गांना सवलत, बी.एस्सी. झालेलीला अनुभवाची अट नाही, पण जी.एन.एम. झालेलीला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तोही किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला.

“बाई, मला तीस खाटांचे डॉक्टर दोन हजार जास्त देतायत,” एक मुलगी म्हणाली. “घराजवळ पण आहे.”

“देऊ देत,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षं तिथं काढलीस आणि फॉर्म भरायला बसलीस, तर ती दोन वर्षं कुणी मोजणार नाही. पन्नासच्या वरचा दवाखाना धर. रुजू व्हायच्या आधी खाटांचा आकडा आपल्या डोळ्यांनी नोंदणीच्या दाखल्यावर बघ, तो भिंतीवर लावलेला असतो. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर झेरॉक्स दे, मूळ कागद दाखव आणि परत घे. कौन्सिलची नोंदणी पहिल्या महिन्यात कर. आणि अनुभवाच्या दाखल्यावर तारखा घालून घे. नुसतं ‘काम केले’ लिहिलेलं चालत नाही.”

मुलीने वही काढून ते उतरून घेतले, आणि मग विचारले, की ज्या दवाखान्यात अठ्ठेचाळीस खाटा आहेत आणि दोन नव्या येणार आहेत, तो चालेल का.

“आल्यावर चालेल,” बाई म्हणाल्या. “दाखल्यावर आल्यावर.”